चिमणीचं बोट

सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी केंद्राच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खुर्च्या संपल्या, बाकं संपली, तेव्हा लोक भिंतीला पाठ लावून उभे राहिले. कुणाला हरवलेल्या भावाचा ठावठिकाणा हवा होता, कुणाला लेकीचा संसार टिकेल का ते विचारायचं होतं. एका निवृत्त पोस्टमनला तर फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की गेलेली बायको अजून रागावलेली आहे का.

हे केंद्र खरं म्हणजे मानसिक आजार असलेल्या आणि बुद्धीची वाढ खुंटलेल्या माणसांना दिवसभर सांभाळण्यासाठी होतं. ती माणसं मागच्या व्हरांड्यात बसवली होती. पुढची खोली पाहुण्यांना लागत होती.

मधोमध टेबलाशी चोवीस वर्षांची एक मुलगी बसली होती. ती जन्मात एक शब्द बोलली नव्हती. आई तिला चिमणी म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायचे. तिच्यासमोर मुळाक्षरांचा तक्ता होता, खाली काना, मात्रा, वेलांट्या. शेजारी केंद्राच्या संचालिका. चिमणीचं मनगट त्यांनी हातात धरलं होतं, आणि तिचं बोट टकटक करत एकेका अक्षरावर पडत होतं. मुक्या मुलीला वाचा दिली म्हणून लोक त्यांना वाणीताई म्हणत.

"मी कोण? मी नुसती नळी!" वाणीताई सांगत होत्या. "पाणी तिचं, तहान तुमची! तिची कंपनं माझ्या मनगटातून वर चढतात. विज्ञानाला हे कळायला अजून शंभर वर्षं लागतील!"

नळी माइकवरून बोलत होती, म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं. शंभर वर्षांचा अंदाज कुठून काढला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तपासनीस बाई दाराशी उभ्या होत्या. असल्या केंद्रांचा दर्जा तपासणं हे त्यांचं काम. औषधं वेळेवर दिली जातात का, स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, माणसांशी माणसासारखं वागतात का, हे त्या बघत. त्याआधी वीस वर्षं त्यांनी मनोरुग्णालयात नर्स म्हणून काढली होती. आज त्या न कळवता आल्या होत्या. केंद्रातल्या सिस्टरची चार ओळींची चिठ्ठी त्यांच्या पिशवीत होती.

समोरच्या भिंतीवर त्यांचाच मागच्या वर्षीचा अहवाल चौकटीत लावलेला होता. एका वाक्याखाली लाल रेघ मारली होती: 'येथे न बोलणाऱ्यांचाही आवाज ऐकला जातो.' खाली त्यांची सही.

त्यांना तो दिवस आठवला. चिमणीच्या बोटानं तेव्हा त्यांच्यासाठी लिहिलं होतं, 'तू दमली आहेस.' आणि एवढ्या अनुभवी बाईच्या डोळ्यांना धार लागली होती. पन्नाशीची बाई, आठवड्यातली पाचवी तपासणी, दमलेली नसेल तर काय असेल! पण तेव्हा हे सुचलं नाही. रडू आलं, आणि रडण्याच्या भरात त्यांनी 'उत्तम' असा शेरा मारला.

आज त्यांनी बोटाऐवजी डोळ्यांकडे पाहिलं. चिमणी छताच्या पंख्याकडे बघत होती. तक्त्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, तरी बोट पोस्टमनला अचूक लिहून देत होतं: 'ती सुखात आहे, तिचा आशिर्वाद आहे.' 'शी' दीर्घ हवी होती, वेलांटी चुकलेली. वाणीताईंनी लिहिलेल्या दारावरच्या फलकावरही 'आशिर्वाद'च होता. दोघींची वेलांटी एकाच जागी घसरत होती.

एवढ्यात बोट थांबलं. चिमणीची मान मागे गेली, डोळे पांढरे झाले, अंगाला हिसके बसू लागले.

"ती वर गेली!" वाणीताईंचा आवाज चढला. "कुणी हलू नका! उत्तर आणायला गेलीय!"

साठ-सत्तर माणसांनी माना खाली घातल्या. एक बाई हुंदके देऊ लागली. आणि तपासनीस बाई खुर्च्या बाजूला सारत पुढे धावल्या.

"उत्तर कसलं आणतेय! फिट आलीय पोरीला! सरका!"

त्यांनी चिमणीला खाली घेतलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली पिशवी सरकवली आणि घड्याळ बघत बसल्या. मागून सिस्टर पळत आली. एक मिनिट, दोन, तीन. हिसके थांबले तेव्हा चिमणीच्या ओठातून लाळ आणि रक्त येत होतं. वरचा एक दात आधीच अर्धा तुटलेला होता.

"हा कधी तुटला?"

"दोन महिन्यांपूर्वी, पायरीवर," सिस्टर म्हणाली. "तेव्हाही उत्तर आणायला गेली होती."

चिमणीला दवाखान्यात पाठवून बाईंनी औषधांची वही मागवली. फिटच्या गोळ्यांच्या रकान्यात पाच महिने रोज एकच नोंद होती: 'रुग्णाने स्वतः नकार दिला.'

"स्वतः म्हणजे?"

"तक्त्यावर. 'गोळ्यांनी माझा प्रकाश मंदावतो,' असं लिहिलं. मी भांडले, बाई. डॉक्टरांना कळवू म्हटलं. तर दुसऱ्या दिवशी बोटानं लिहिलं, 'सिस्टर माझी शत्रू आहे.' तेव्हापासून मला तिच्याजवळ फिरकू देत नाहीत."

बाईंनी वही मिटली. ज्या चौकटीकडे बोट दाखवून लोकांनी सिस्टरला गप्प केलं असेल, ती त्यांच्याच सहीची होती.

संध्याकाळी त्या चिमणीच्या घरी गेल्या. आई शिवणकाम करायची. दोन खोल्या, खिडकीशी मशीन, आणि टेबलाच्या चारही कोपऱ्यांना चिंध्या गुंडाळलेल्या, पोरीला लागू नये म्हणून. चिमणी आत झोपली होती. दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्यांची पुडी मशीनवर तशीच पडून होती.

"देऊ नका म्हणते ती," आई म्हणाली. "आधी तिला विचारा."

"एखादी मोठी फिट जिवावर बेतेल हो."

"मग तिनंच सांगू दे. चोवीस वर्षं तिच्यासाठी मीच ठरवत आले. आता कुठे तिला तोंड फुटलंय." आईनं मशीनच्या खणातून एक वही काढली. चिमणीचं सगळं बोलणं तिनं उतरवून घेतलं होतं. एक पान हाताळून हाताळून मऊ पडलं होतं. "हे वाचा."

'ताप आला त्या रात्री तुझी चूक नव्हती, आई.'

"आठ महिन्यांची होती," आई म्हणाली. "अंग तापलं होतं. सकाळी नेऊ म्हटलं. ती एक रात्र मी तेवीस वर्षं जगतेय. आणि एक दिवस पोर स्वतः म्हणाली, तुझी चूक नव्हती. आता तुम्ही म्हणणार, तेही खोटं?"

"तापाचं तुम्ही वाणीताईंना सांगितलं होतं?"

आईनं वही मिटून मांडीवर घेतली. "सगळ्यांनाच सांगायचे मी," ती म्हणाली.

"चिमणीलाच विचारू," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तसंच. फक्त, खरंच तिलाच विचारू."

तिसऱ्या दिवशी केंद्राच्या मागच्या छोट्या खोलीत पाच माणसं बसली: चिमणी, तिची आई, वाणीताई, फिटवर उपचार करणारे डॉक्टर आणि तपासनीस बाई. पुढच्या खोलीत गर्दी होतीच. वाणीताईंना परीक्षा सगळ्यांसमोर हवी होती. "सोन्याला आगीची भीती कसली!" त्या म्हणाल्या. पण बाईंनी दार लावून घेतलं. चिमणीचा तमाशा खूप झाला होता.

रीत साधी होती. चिमणी आणि वाणीताई यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. हात खालून धरता येईल, खालचा तक्ता दोघींना दिसेल, पण एकीचं चित्र दुसरीला दिसणार नाही. दोघींना एकेक पाकीट मिळणार, आतलं चित्र बघायचं आणि चिमणीनं आपल्या चित्राचं नाव दाखवायचं. आई चिमणीच्या पाठीमागे बसली. तिला लेकीचं चित्र दिसत होतं.

पहिलं पाकीट. बोट चाललं: मा-सा. आईनं चिमणीच्या हातातलं चित्र पाहिलं. मासाच होता. दुसरं, फूल. तेही बरोबर. आईचा चेहरा उजळला.

तिसऱ्या वेळी चिमणीच्या पाकिटातून मांजर निघालं. बोट आडोशाखालून सरकलं. छ. त्री.

आईनं पुढे वाकून चित्र पुन्हा पाहिलं. मांजर.

चौथ्या वेळी चिमणीसमोर बूट होता, बोटानं कात्री लिहिली. पाचव्या वेळी चेंडू होता, बोटानं घड्याळ लिहिलं. सहावं पाकीट उघडण्याआधीच आईनं हात वर केला. "पुरे," ती म्हणाली.

बाईंनी आडोसा काढला. वाणीताईंच्या पुढ्यात चित्रं ओळीनं पडली होती: मासा, फूल, छत्री, कात्री, घड्याळ. पहिली दोनच मुद्दाम दोघींना सारखी दिली होती.

"अविश्वासाच्या लहरींनी वाणी बंद पडते," वाणीताई घाईघाईनं म्हणाल्या. "मी आधीच सांगितलं होतं..."

"बंद कुठे पडली?" डॉक्टर म्हणाले. "पाचही उत्तरं अचूक आली. फक्त ती तुमच्या पाकिटातली होती."

"मी ढकलत नव्हते! देवाशपथ, मला जाणवलंही नाही!"

"तेही खरं असेल," तपासनीस बाई म्हणाल्या. "लहान मुलाचा हात धरून आपण पाटीवर अक्षर गिरवून घेतो ना? पेन्सिल त्याच्या मुठीत असते, अक्षर आपलं असतं. इथं तेच झालं. मनात शब्द असला की हात कळत-नकळत तिकडे वळतो. पहिल्या दिवशी तुम्हाला कळलं नसेल. पण पोरीचा दात तुटला, त्या दिवशी तरी शंका आली असेल?"

वाणीताई तक्त्याकडे बघत राहिल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज माइकशिवायचा वाटला.

"आली होती," त्या म्हणाल्या. "पण बाहेर माणसं थांबली होती."

आई उठली, तिनं दार उघडलं. पुढच्या खोलीतली साठ डोकी वळली. पोस्टमन पुढे आला. "काय म्हणाली हो चिमणी?"

"काही नाही म्हणाली," आई म्हणाली. "कधीच काही म्हणाली नव्हती."

मग ती तपासनीस बाईंकडे वळली. "माझी मुलगी एकदा तापात मुकी झाली होती. आज तुम्ही तिला दुसऱ्यांदा मुकं केलंत."

बाईंनी चिमणीचा हात तक्त्यावरून उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

चिमणीच्या गोळ्या त्या दिवसापासून पुन्हा सुरू झाल्या. केंद्र वाणीताईंकडून काढून घेतलं गेलं, व्हरांड्यातली माणसं पुढच्या खोलीत आली. बाईंनी नव्या अहवालाची पहिली ओळ लिहिली: 'मागील वर्षीची नोंद माझी होती आणि ती चुकीची होती.' वरिष्ठ म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही. त्यांनी ती ओळ काढली नाही.

आणखी एक काम त्यांनी केलं. चिमणीचे लहानपणापासूनचे कागद मागवले. ती सहा वर्षांची असताना मेंदूचा फोटो काढला होता. त्याचा अहवाल फायलीत घडी न मोडता पडून होता. डॉक्टरांनी तो वाचला, आणि दोघं आईकडे गेले.

"ताप कारण नव्हता," डॉक्टर म्हणाले. "मेंदूची घडणच जन्माच्या आधी वेगळी झाली होती. त्या रात्री तुम्ही धावत नेलं असतं, तरी ती अशीच असती."

आईनं शिवण खाली ठेवली. "हे कधीपासून लिहिलेलं आहे?"

"अठरा वर्षं."

"अठरा वर्षं," ती म्हणाली. "आणि कुणी मला वाचून दाखवलं नाही."

तिनं पदर तोंडाला लावला. ती मोकळं होऊन रडत होती की गेलेल्या वर्षांसाठी, हे बाईंना समजलं नाही. हेच खरं वाक्य कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर त्या माउलीला तक्त्याची गरजच पडली नसती, एवढं मात्र त्यांना लख्ख कळलं.

चिमणीच्या फिट कमी झाल्या, पण चाल पूर्वीसारखी राहिली नाही. गोळ्यांविना गेलेल्या त्या पाच महिन्यांनी तिच्याकडून जे नेलं, ते सगळं परत आलं नाही.

चमत्काराला भुलणारी माणसं मूर्ख असतात असं समजू नका. बहुतेक वेळा ती दुःखी असतात, थकलेली असतात, आणि ज्यांनी त्यांना नीट उत्तर द्यायचं ते कामावर असूनही गप्प असतात. त्या रिकाम्या जागेत बाबा, बुवा आणि वाणीताई उभ्या राहतात. म्हणून न बोलणाऱ्या माणसाच्या नावानं कुणी बोलू लागलं, आणि नेमकं आपल्या मनातलंच बोलू लागलं, तर डोळे पुसा आणि विचारा: याला कसं कळलं? दाखवा. पुन्हा दाखवा. मध्ये एक पुठ्ठा धरून दाखवा. आणि त्याच्या गोळ्या कुणी थांबवायला सांगितल्या, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही चुकवू नका. त्या माणसावर प्रेम असेल, तर निदान एवढी चौकशी त्याच्या हक्काची आहे.