खिडकीकडे तोंड केलेला टीव्ही

आवाज जरा घोगरा येईल, सांभाळून घ्या. मला पहिल्यापासूनच तापायला वेळ लागतो, आणि गेल्या कित्येक वर्षांत माझं बटण कुणी पिळलेलं नाही. मी मखमलाबादच्या मळ्यातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. लाकडी खोक्याचा, चार पायांवर उभा राहणारा आणि पुढे सरकतं शटर असलेला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या लहानपणी घरात माझा एखादा भाऊबंद नक्की असणार.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते मेन रोडवरचं दुकान. त्या वर्षी दसऱ्याला झेंडूने मळ्याच्या मालकांना, खंडेरावांना चांगला हात दिला होता. मार्केटला फुलं टाकून टेम्पो मळ्यात परत निघाला, तेव्हा रिकाम्या क्रेटांच्या मधोमध मला गोधडीत गुंडाळून बसवलं. खंडेरावांच्या पत्नी मालनबाई मला दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

"हळू घ्या हो भाऊ," त्या ड्रायव्हरला सारख्या सांगायच्या. "मांडीवर लेकरू हाय असं समजून चालवा."

मळ्यात शेजारी शेजारी दोन घरं होती. एक थोरल्या खंडेरावांचं, त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. दुसरं त्यांच्या धाकट्या भावाचं, सहादूचं. दोन्ही घरांना विहीर एक, अंगण एक, आणि मी आल्यावर टीव्हीही एकच. आण्णांची शुभांगी आणि सहादूची मैना, दोघी चुलत बहिणी, एकाच वर्षाच्या. एकीला हाक मारली की दोघी यायच्या.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मालनबाईंनी क्रोशाने विणलेला रुमाल माझ्या डोक्यावर घातला. सहादूने काचेपुढे लावायला निळा प्लास्टिकचा कागद आणला, म्हणजे चित्र रंगीत दिसेल म्हणून. त्यातून माणसंही निळी दिसायची आणि भाकरीही निळी, पण आठवडाभर तरी कुणी तक्रार केली नाही. पुराणातली मालिका लागली की म्हातारी माणसं चपला बाहेर काढून यायची, माझ्यापुढे उदबत्ती लावायची. एवढा धूर व्हायचा की देव धुरात आहेत की मीच बिघडलोय, हे कळायचं नाही. संध्याकाळच्या कौटुंबिक मालिकेत सुनेला कुणी टोचून बोललं की मळ्यातल्या सासवा पदराने डोळे पुसायच्या आणि घरी जाऊन आपापल्या सुनांना टोचून बोलायच्या.

पण माझा खरा सण म्हणजे रविवारची सकाळ. तेव्हा बाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा. त्यात एक कापडी अस्वल होतं, फार विसरभोळं. दर वेळी त्याची छत्री हरवायची आणि ती त्याच्याच पाठीला अडकलेली असायची. शुभांगी आणि मैना गुडघ्यांवर उभ्या राहून ओरडायच्या, "मागं बघ, मागं! अरे येड्या, मागं!" अस्वलाला ऐकू जायचं नाही. मला मात्र ऐकू यायचं. वाटायचं, या पोरींसाठी तरी ह्याला एकदा मागे वळवावं. ते काही माझ्या हातात नव्हतं.

मग उन्हाळ्यात विहिरीवरून वाजलं.

पाणी खाली गेलं होतं. एक दिवस थोरल्याची मोटर, एक दिवस धाकट्याची, अशी पाळी ठरलेली. आण्णांच्या पाळीला लाइट गेली, त्यांनी पाणी दुसऱ्या दिवशी घ्यायचं म्हटलं. सहादू म्हणाला, लाइट गेली त्यात माझा काय दोष. शेवंतीची रोपं माना टाकत होती. शब्दाला शब्द लागला. दोघं भाऊ अंगणात असं काही बोलले की मालनबाईंनी घाईघाईने माझं शटर ओढून घेतलं. जणू मी ऐकू नये.

त्या दुपारी आण्णांनी घरात येऊन सांगितलं, "आजपास्नं त्या घरचं पाऊल ह्या उंबऱ्याच्या आत नको. लहान नाय, मोठं नाय."

"पोरीनं काय केलं?" मालनबाईंनी विचारलं.

"सांगितलं ना, नाय म्हणजे नाय."

तिकडे सहादूनेही मैनाला बजावलं असणार, कारण त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. शुभांगी एकटीच माझ्यासमोर बसली. अस्वलाची छत्री हरवली, पण शुभांगी काही ओरडली नाही. थोड्या वेळाने उठून गेली. मी रिकाम्या खोलीत बाहुल्या नाचवत राहिलो. तो रविवार मला अजून नकोसा वाटतो.

दोनतीन दिवसांनी आण्णा शेतावर असताना मालनबाईंनी पदर खोचला आणि मला माझ्या चारही पायांसकट ढकलत समोरच्या भिंतीला नेलं. आता माझं तोंड थेट खिडकीकडे आलं. खिडकीबाहेर अंगण आणि अंगणापलीकडे सहादूचं दार.

आण्णा घरी आले. "ह्याला इकडं कशाला सरकवला?"

"तिकडं भिंतीला ओल येते. मशिन खराब होईल."

भर वैशाखात भिंतीला ओल! मी आजवर त्याच भिंतीला पाठ लावून उभा होतो, ती भाकरीच्या तव्यासारखी कोरडी होती. आण्णांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि हात धुवायला निघून गेले.

रविवार आला. मालनबाईंनी फुलाचं एक रिकामं क्रेट खिडकीखाली बाहेरच्या बाजूला पालथं घातलं, माझा आवाज नेहमीपेक्षा वर नेला आणि खिडकीकडे पाठ करून हार ओवायला बसल्या. थोड्या वेळाने गजांवर आधी दोन मुठी दिसल्या. मग तेल लावून चप्प बसवलेला भांग. मग मैनाचे डोळे.

उंबऱ्याच्या आत पाऊल नव्हतंच. क्रेटवर होतं.

हसू आलं की ती फ्रॉकची बाही तोंडात कोंबायची. शुभांगीने पाहिलं आणि ती खिडकीजवळ सरकून बसली. मालनबाईंनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. सुईत फूल, फुलामागे फूल. कुणी विचारलंच, तर 'मी पाहिलं नाही' हे खरं सांगता यावं, एवढीच त्यांची खटपट. असे बरेच रविवार गेले. आण्णा त्या वेळी मार्केटला असायचे, म्हणून निभावलं.

एका शनिवारी वळवाचं वारं सुटलं. पत्रे वाजले, शेवग्याची फांदी मोडली आणि माझा अँटेना फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्राच्या जागी नुसत्या मुंग्या. नेमके त्या दिवशी मार्केट बंद म्हणून आण्णा घरी होते. शुभांगीचं तोंड एवढंसं झालेलं पाहून ते म्हणाले, "थांब, सरळ करतो," आणि शिडी लावून पत्र्यावर चढले.

आता सांगतो ते मी माझ्या काचेच्या डोळ्याने पाहिलंय.

मुंग्यांमधून बाहुल्यांची गाणी ऐकू येत होती. मैनाला तर आण्णा मार्केटला गेलेत असंच ठाऊक. ती क्रेटवर चढली, गज धरले. मालनबाईंच्या हातातली सुई थांबली. त्यांनी मान हलवून 'जा' म्हणायच्या आतच वरून आण्णांचा आवाज आला.

"आलं का गं?"

शुभांगी उत्तर द्यायला तोंड उघडते तोच खिडकीतून खणखणीत उत्तर गेलं. "नाय आण्णा! अजून डावीकडं!"

सवयीने बोलून गेली पोर. पूर्वी अँटेना फिरवताना उत्तर द्यायचं काम तिचंच असायचं. बोलली आणि मग उमगलं. तिने बाही तोंडात कोंबली. शुभांगी रडायच्या बेतात. वर पत्रा वाजायचा थांबला. माझ्या पोटात जेवढ्या काचेच्या नळ्या होत्या तेवढ्या सगळ्या त्या क्षणी गार पडल्या असत्या तरी मला नवल वाटलं नसतं.

मग वरून, जरा हळू, "आता?"

मैनाने मालनबाईंकडे पाहिलं. मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी. त्या म्हणाल्या, "सांग की. विचारत्यात ना तुला."

"जरासंच राहिलंय आण्णा. हां... हां... आलं! अस्वल आलं!"

आरडाओरड ऐकून पलीकडच्या दारात सहादू आला होता. त्याने काय पाहिलं? आपली पोर थोरल्याच्या खिडकीला लटकलेली आणि थोरला पत्र्याच्या कडेला उभा राहून पायाने शिडी चाचपतोय. शिडीचा एक पाय विटेवर टेकलेला, वीट हललेली. सहादू अंगण ओलांडून आला आणि त्याने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

आण्णा खाली उतरले. शेवटच्या पायरीवर त्यांनी पाहिलं, शिडी कुणी धरलीय ते. दोघं भाऊ हातभर अंतरावर उभे.

"वीट सरकली हुती," सहादू म्हणाला.

"हां," आण्णा म्हणाले. मग खिडकीकडे वळले. मैना अजून क्रेटवर, उतरावं की नाही ते न कळून. "तिथनं मान अवघडत नाय का तुझी? आत जा. दार उघडं हाय."

मैना दारातून आत आली. पाय पुसून आली, जसं काही पहिल्यांदाच येतेय.

गोष्टीत असतं तसं सगळं लगेच गोड झालं, असं मात्र समजू नका. पाण्याचा घोळ पुढे बराच काळ चालला. दोघांनी वेगळ्या बोअरवेल घेतल्या, अंगणात जाळी आली, भावाभावांत पहिला मोकळेपणा पुन्हा काही आला नाही. पण जाळीला एक फाटक ठेवलं आणि त्या फाटकाला कधी कडी लागली नाही.

नंतर घरात रंगीत टीव्ही आला. माझी रवानगी माळ्यावर. माझ्या डोक्यावर आधी बियाण्याची पाकिटं, मग जुन्या वायरी, मग उंदीर. खालचे आवाज ऐकून मी काळ ओळखायचो. मालिका आता वर्षानुवर्षं संपत नव्हत्या. पूर्वी एका मालिकेला वीस माणसं रडायची. आता प्रत्येक खोलीतून वेगळं रडणं यायचं. मग खोल्यांतले आवाजही गेले. ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा पडदा आणि ज्याच्या त्याच्या कानात बोंडं. मी कुणाला नावं ठेवत नाही. माझ्याही वेळी शेजारणी म्हणायच्याच, या डब्याने पोरं बिघडली.

आण्णा गेले. त्यांचा मुलगा, शुभांगीच्या पाठचा महेश, आता जुनं घर पाडून नवं बांधतोय. गेल्या महिन्यात सामान काढलं, तेव्हा मलाही खाली उतरवलं. देवळाली कॅम्पहून शुभांगी मदतीला आली होती. मळ्याच्या मुख्य फाटकात भंगारवाल्याचा टेम्पो उभा. त्याने मला एका हाताने तिरपं करून पाहिलं. मी मनाची तयारी केली. लाकूड एकीकडे जाईल, तांबं दुसरीकडे.

"तो नाही द्यायचा," मालनबाई खुर्चीतून म्हणाल्या. आता त्या फार हळू बोलतात. "मैनाला फोन लावा. तिला म्हणावं, टीव्ही घेऊन जा."

शुभांगी हसतच म्हणाली, "आई, माझा होता ना गं तो?"

"तू आत बसून बघितलास," मालनबाई म्हणाल्या. "तिनं बाहेर उभं राहून."

 शुभांगी आपल्या ओढणीने माझी काच पुसायला लागली.

मैना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहे. ड्युटी संपवून तशीच आली, नवऱ्याची गाडी घेऊन. मागच्या सीटवर मला बसवलं आणि पट्टा लावला. मालनबाईंच्या पाया पडली, तर त्यांनी तिचा हात बराच वेळ सोडलाच नाही. बोलल्या मात्र एवढंच, "जेवून आलीस का?"

आता मी एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये हॉलच्या कोपऱ्यात आहे. मैनाची लेक सृष्टी पहिल्या दिवशी माझ्याभोवती फिरून म्हणाली, "आई, याचा रिमोट कुठंय?"

"रिमोट मीच होते," मैना म्हणाली.

"आणि यावर काय लागतं?"

"आता काही लागत नाही बाळा." खरंच आहे. अँटेनावर धरायचं ते प्रक्षेपणच उरलं नाही, आणि माझी नळीही बहुधा गेली.

"मग बघायचं काय?"

 सृष्टी मोबाइल बाजूला ठेवून माझ्यासमोर बसली, अगदी नाक लावून. माझी काच जुन्या तऱ्हेची, पुढे फुगलेली. तिच्यात आख्खा हॉल मावतो, छोटा होऊन. सृष्टीने त्यात स्वतःला पाहिलं, जीभ काढली. मग हाक मारली, "आई, इकडं ये, तू पण दिसतेस! बाबा, तुम्ही नाही दिसत, जवळ या ना!"

बाबा आले. आई आली. तिघं माझ्यापुढे खांद्याला खांदा लावून बसले आणि काळ्या काचेत बघून हसायला लागले.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या माळ्यावर, कोठीत माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर देऊन टाकायच्या आधी एकदा खाली उतरवा. ओल्या फडक्याने काच पुसा. आणि घरातल्या सगळ्यांना हाक मारा, थोडं सरकून बसा. पुढचं तो बघून घेईल.