रोट खाल्लेला राजा

आमच्या गुरुजींना राजाची पत्रं यायची. हसू नका, खरंच यायची. जाड कागद, वर वाघाचा शिक्का उठवलेला, आणि पत्त्यावर ‘सन्माननीय तोताराम गुरुजी’. पोस्टमन कौतिक ते पाकीट गावभर दाखवत आणायचा. मी म्हणायची, “आलं बाई माझ्या सवतीचं पत्र!” गुरुजी चिडायचे नाहीत. आधी साबणाने हात धुवायचे, मग पाकीट उघडायचे. माझ्या हातचं जेवताना कधी इतके हात धुतले नाहीत त्या माणसाने.

आमचं गाव साक्रीच्या पश्चिमेला, पांझरेच्या काठावर. गुरुजी तिथल्याच शाळेत मास्तर. शाळा सुटली की माणूस घरी येतो ना? हे डोहावर जायचे. काठावरच्या उंबराखाली पालथं पडून पाण्यात बघत बसायचे. उंबर पिकून पाण्यात पडलं की कोणता मासा आधी वर येतो, मोठे कधी मागे राहतात, पिल्लं कुठे लपतात, सगळा त्यांना नाद. पोरबाळ झालं नाही आम्हाला. मी म्हणायची, माश्यांचीच बारशी घाला आता.

त्या माश्यांना पुस्तकात महसीर म्हणतात. अंगावर रुपयाएवढी खवलं, तोंडाला मिशा. आमच्या गावात त्यांना कुणी महसीर म्हणत नसे. ते आमचे भाऊबंद. कसे ते सांगते. श्रावणात एका रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन होतं. तिचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, करायचा तर घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजतात, एका पुरुषाची एक मूठ. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला घास द्यायचा नाही, उरला तर उकिरड्यावर टाकायचा नाही. उरलेला आम्ही कानबाईबरोबर डोहात सोडतो आणि मासे तो खातात. मग जो रोट खातो तो परका कसा? म्हणून त्या डोहात आमच्या गावाने कधी गळ टाकला नाही. दुष्काळात डोहाचं डबकं झालं तेव्हा बायकांनी विहिरीचं पाणी डोक्यावर नेऊन त्यात ओतलेलं मी बघितलंय.

राजासाहेब म्हणजे गुजरातच्या हद्दीवरच्या करंजगडचे. राज्य कधीच गेलेलं, पण वाडा, जीप, बंदुका होत्या. पुण्यात शिकलेले, म्हणून मराठी छान लिहायचे. त्यांनी एकदा पेपरात लिहिलं की ह्या भागातल्या नद्यांतून मोठे मासे संपले. झालं! गुरुजींना राहवेना. व्हिक्टोरिया राणीच्या काळात कुणी इंग्रज साहेब राजघराण्याला माश्यांविषयी पत्रं लिहायचा, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. खरंखोटं देव जाणे. पण ह्यांनी तेव्हापासून पेन हातात घेतलं ते ठेवलंच नाही. राजासाहेब विचारायचे, मिशा किती? हे लिहायचे. खातात काय? हे लिहायचे. रोटाची गोष्ट, डोहातल्या सगळ्यात थोरल्या मादीची गोष्ट, सगळं लिहिलं. तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. तिचं चित्रसुद्धा काढून पाठवलं.

पण राजासाहेब विचारायचे की डोह नेमका कुठे, तेव्हा गुरुजी उत्तर टाळायचे. राजासाहेबांनी आपला फोटो पाठवला होता, हातात गळाची लांब काठी. तो ह्यांनी पेटीच्या तळाशी घालून ठेवला. दोस्ताला डोह दाखवायचा तर होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांचं ऐकून घेत होतं हो! गावात सगळे त्यांना येडं गुरुजी म्हणायचे.

मग त्यांनी एक तोड काढली. “यशोदा,” मला म्हणाले, “राजासाहेबांना कानबाईला बोलावतो. आधी रोट खाऊ घालतो, मग डोह दाखवतो. रोट खाल्लेला माणूस भाऊबंदावर हात टाकत नाही.”

मलाही ते पटलं. पटलं म्हणजे काय, आमच्या गावात कुणालाही पटलं असतं. पटलं नाही ते फक्त माझ्या जेठांना, म्हणजे थोरल्या दिरांना, धनसिंग आबांना. आमच्या भाऊबंदांत तेच मोठे. “तोताराम, हाऊ कोण शे आपला?” आबा ओरडले. “रोट भाऊबंदनाच शे. राजा र्‍हायना म्हनीसन काय व्हयनं?”

गुरुजी म्हणाले, “माझ्या वाट्याचा देतो. मी उपाशी राहीन. त्याने काही वाकडं केलं तर माझी मूठ काढून टाका.”

असं बोलून बसला हा माणूस. रोटातून मूठ काढणं म्हणजे घरातून नाव काढणं. मी त्यांना कोपराने ढोसलं, पण शब्द तोंडातून गेलेला.

त्या वर्षी श्रावण कोरडाच गेला. डोहाचं पाणी काचेसारखं. राजासाहेब जीपमधून आले, उंच, गोरे, वागायला फार गोड. मला वाकून नमस्कार केला. खोटं कशाला बोलू, मला आवडले. पाटावर मांडी घालून बसले आणि गुरुजींच्या ताटातला रोट खाल्ला. अर्धाच खाल्ला. उरलेला रुमालात बांधला आणि म्हणाले, “हा प्रसाद मी जपून नेतो.” गुरुजींचे डोळे भरून आले. सोमवारी विसर्जनाला ते डोहावर आमच्याबरोबर उभे होते. मासे रोटाला आले, म्हातारी आली, राजासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी सरकारी बंगल्यावर मुक्कामाला गेले.

मंगळवारी सकाळी जीप आमच्या दाराशी उभी राहिली. मागे गोणपाटावर म्हातारी पडलेली. खाली उतरून राजासाहेबांनी गुरुजींना मिठी मारली. “गुरुजी, हे सगळं तुमच्यामुळे! कशालाच तोंड लावत नव्हती. मग तुमच्या पत्राची आठवण झाली. रुमालातला रोट गळाला लावला आणि पहिल्या फेकीला आली बघा!”

गुरुजींनी मिठी सोडवून घेतली. म्हणाले, “सरकार, तुम्ही रोट खाल्ला होता.”

“हो ना! फार चवदार.”

देवाशपथ सांगते, त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं. तेच तर जास्त लागतं. गुरुजी जीपला धरून म्हणाले, “ती आम्हाला द्या.” राजासाहेबांना वाटलं, ह्यांना वाटा हवाय. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, त्याने तिथेच कोयत्याने शेपटीकडचा तुकडा कापून केळीच्या पानात माझ्या हातात ठेवला. सगळी गल्ली बघत होती. मी तो टाकू कुठे आणि धरू कशी? अजून आठवलं की हात धुवावेसे वाटतात.

जीप गेल्यावर गुरुजींनी तो तुकडा छातीशी धरून नदीवर नेला. लाकडं रचली. भाऊबंदांपैकी खांदा द्यायला कुणी आलं नाही. आम्ही दोघंच होतो. त्यांनी अग्नी दिला, दहाव्याला चिंधा न्हाव्याकडून डोकं भादरून घेतलं. गावातली पोरंसुद्धा त्या दिवशी येडं गुरुजी म्हणाली नाहीत.

मग आबांनी सगळ्यांना ओट्यावर बसवून निवाडा दिला. गुरुजींचं तुळतुळीत डोकं बघून तेही थोडे विरघळले असावेत. म्हणाले, “तुन्हा राजानी रोट खादा ना? मंग त्याले बी सुतक शे. त्यानी सुतक पाळं ते तुन्ही मूठ र्‍हाई. नहीतर नही.”

गुरुजींनी कोपरा फाडलेलं कार्ड लिहिलं. मयताचं पत्र असंच जातं. मी बाजूला बसून ऐकलं. ‘आपण आमच्या घरचा रोट खाल्ला आहे, म्हणून कळवणे भाग आहे. मंगळवारी आपल्या हातून आपल्या भाऊबंदांतली म्हातारी गेली. आपल्याला सुतक आहे. अंघोळ करावी, केस द्यावेत, आणि तसं उलट टपाली कळवावं. माझं घर आपल्या उत्तरावर आहे.’ ह्याहून स्पष्ट माणसाने काय लिहायचं?

उत्तराची वाट बघताना त्यांचं जेवण तुटलं. शाळेतून सरळ घरी यायचे. डोहाकडे पाय वळायचाच बंद झाला. कौतिक सायकलवर दिसला की उभे राहायचे, तो मान हलवून पुढे गेला की बसायचे.

दसऱ्याच्या सुमाराला पाकीट आलं. तोच वाघ, तोच कागद. आत म्हातारीचा फोटो, लाकडाची शेपटी जोडून, पेंढा भरून भिंतीवर लावलेली, खाली पितळी पाटीवर आमच्या गुरुजींचं नाव. आणि पत्रात लिहिलेलं, ‘गुरुजी, तुम्ही इतके विनोदी असाल असं वाटलं नव्हतं! तुमचं कार्ड मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. पाहुणे हसून हसून बेजार झाले. पुढच्या कानबाईला येतोच. माझ्यासाठी थोडा रोट राखून ठेवा.’

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “यशोदा, त्यांना कळलंच नाही गं.”

मी दार लावून घेतलं. म्हटलं, “आबांना कुठे वाचता येतं? सांगा, राजाने केस दिले, सुतक पाळलं. कोण जातंय करंजगडला बघायला?” हात जोडले, पाय धरले. मला माझं घर हवं होतं, दुसरं काही नको होतं.

“आणि म्हातारीला काय सांगू?” एवढंच म्हणाले. त्याच पावली ओट्यावर गेले आणि अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. पाहुणे हसले तेसुद्धा वाचलं. आबांनी खाली मान घालून ऐकलं आणि उठून आत गेले.

पुढच्या श्रावणात जात्याशी गहू मोजले, त्यात आमची मूठ नव्हती. राजाची जीपही आली नाही. रात्रभर शेजारी कानबाईची गाणी चालू होती. बायकांत मला कुणी हाक मारली नाही. सोमवारी मिरवणूक दारावरून गेली, गुरुजी आत भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी म्हटलं, मेली ती माणसं आणि मेला तो रोट. पण रडू काही थांबेना.

दुपारी दाराची कडी वाजली. बघते तर आबा, धोतर ओलं, हातात ताट, ताटात भिजलेला रोट. वर्षभर ज्या भावाचं तोंड बघितलं नाही, त्याला दारातून हाक मारली.

“तोताराम, मासा रोट खावाले उनात नहीत. एक बी नही. घटकाभर थांबनूत, रोट तसाच तरंगी र्‍हायना. तुले मासासनं बठ्ठं कळस ना रे? काय व्हयनं त्यासले?”

गुरुजी बाहेर आले. ताटाकडे बघितलं.

“आबा,” ते म्हणाले, “त्यांनी गळाला लागलेला रोट बघितला. आता ते आपल्या हातचं खाणार नाहीत.”

आबा तिथेच उंबऱ्यावर बसले आणि लहान पोरासारखे विचारत राहिले, “मंग आते रोट कोण खाई? तोताराम, मंग रोट कोण खाई रे?”