ऑर्फामावशीची अर्धी गोळी

“ऑर्फामावशी औषधाच्या बाबतीत खोटं बोलते. लक्ष ठेव गं,” आईनं बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

मावशी शेजारची, नात्याची नाही. अमेरिकेतल्या केंटकीच्या आमच्या कोळसा-खाणवस्तीत आई कामावर गेली की मी तिच्याच व्हरांड्यात असायची. ती शेंगा मोडत गाणी म्हणायची, आणि मक्याच्या पावाची खरपूस कड माझ्यासाठी राखून ठेवायची. आता माझी छोटी लेक नेल तिच्या मांडीवर असते. तोच झोपाळा, तीच गाणी.

गेल्या थंडीत नेलला आणायला गेले तर मावशी भिंत धरून उभी, नेल खाली सतरंजीवर.

“जरा गरगरलं. पोरीला आधी खाली ठेवलं हो!”

टेबलावर सुरी होती, शेजारी रक्तदाबाची अर्धी गोळी.

“मावशी, ही गोळी कापायची नसते! दिवसभर हळूहळू विरघळायची ती, कापली की एकदम अंगात उतरते.”

“कॉलेजात हेच शिकवलं का? अख्खी घेतली तर महिना पुरवू कशी?”

“म्हाताऱ्यांना औषधात सवलत मिळते. सरकारी मदत आहे.”

“हो, आणि मग घर घेतील. एकदा घेतलंय.”

मला आठवलं. तेव्हा खाणकंपनीचा डॉक्टर, कंपनीचं औषध, कंपनीचंच घर. खाण बंद पडली आणि आठवड्यात सामान रस्त्यावर आलं. हे घर मावशीच्या नवऱ्यानं, क्लेटसकाकांनी, नंतर स्वतःच्या हातांनी उभं केलं. औषध देणाऱ्याच्या खिशात घराची किल्ली असते, हे मावशीच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

मी तिथूनच मदतकेंद्राला फोन लावला, तिला ऐकू जाईल असा.

“मदत देताना राहतं घर आम्ही हिशेबात धरतच नाही, आजी,” पलीकडची बाई म्हणाली.

“लिहून द्याल?” मावशीनं विचारलं.

“देते की.”

पत्र आलं, तेव्हा कुठे मावशीनं अर्जावर सही केली. मंजुरी येईपर्यंत औषधाच्या दुकानातलं सवलतीचं कार्ड चाललं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळ्यांची नवी बाटली आली. मावशीनं गोळी तळहातावर घेऊन पाहिली.

“अगंबाई, अख्खी गिळायची म्हटलं की केवढी मोठी वाटते ही!”

आम्ही दोघी हसलो. मला मात्र नंतर झोप लागेना. वस्तीत अशी किती दारं असतील, ज्यांच्याआड मी लहानपणी पोटभर जेवले आणि जिथं आता वर्षानुवर्षं गेलेच नाही?

तुम्हालाही कुणीतरी असंच सांभाळलं असेल. ते माणूस आज एकटं राहत असेल, तर जाऊन त्याला बघून या ना.