जुनं कडं

गेल्या दिवाळीनंतर आमच्या जुव्यावरची माणसं लहान झाली. वयाने नाही, मापाने. घरं, होड्या, माड होते तेवढेच राहिले. माझी मुलगी वैजू सकाळी उठली ती माझ्या कमरेला लागली, आणि पहिलं काय म्हणाली तर, "आये, दार उघडून दी. माझो हात पावणा नाय." मी दार उघडून दिलं. तिला ओहोटी गाठायची होती.

जुवा म्हणजे खाडीतलं बेट. ओहोटीला मधली पुळण उघडी पडते आणि बाया पायाच्या बोटांनी वाळू चाचपून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात. काढलेली प्रत्येक तिसरी माझ्यासमोर येते. माझ्याकडे पितळी कडं आहे, तान्ह्या पोराच्या वाळ्याएवढं, सासूकडून आलेलं. त्यात अडकली ती पाटीत, आणि पाटी टेम्पोत. त्यातून पडली ती खाडीत परत, वाढायला. यात नातंगोतं बघायचं नसतं. सासूने स्वतःच्या सख्ख्या बहिणीची टोपली पाण्यात ओतली होती.

पण गेली काही वर्षं जे येईल ते कड्यातून पडायला लागलं. आम्हीच उपसलं होतं, दुसरं कोण येणार? जेटीवरच्या दलालाला रोज टेम्पो भरून हवा होता आणि आम्ही तो भरून देत होतो. दसऱ्याच्या सुमाराला एके सकाळी एकसुद्धा तिसरी अडकली नाही. बाया माझ्या तोंडाकडे बघत बसल्या.

"माप मोठां आसा गो," शेजारची चंद्रभागा म्हणाली. "तिसऱ्यांचो काय दोष?"

वैजूचं लग्न माघात ठरलेलं. मी काही देवी नाही. बाजारात गेले आणि तांबटाकडून बारीक कडं करून आणलं. टेम्पो भरला.

मग दिवाळी झाली आणि वर सांगितलं तसं झालं. कुणी बोंब मारली नाही. होडीवाला एका फेरीत दुप्पट माणसं न्यायला लागला. जेवण कमी लागतं म्हणून चंद्रभागा तर खूशच होती. मी मात्र होते तेवढीच राहिले. माप धरणाऱ्या बाईला मापात कोण घालणार?

पंधरा दिवसांत नव्या कड्यातूनही तिसऱ्या पडायला लागल्या. मी आणखी बारीक कडं आणलं, आणि दुसऱ्या दिवशी वैजू तांब्याएवढी झाली. मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायांसमोर एकदा बसून बघा म्हणजे समजेल. तिसऱ्या खेपेला मी अंगठीएवढं कडं आणलं. त्यात अडकलेल्या तिसऱ्यांत खायला काही नव्हतंच, नुसतं कवच. वैजू करंगळीच्या पेराएवढी झाली. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, मुलगी मापात आली की कळवा.

मी तिला करवंटीत कापूस घालून ठेवली. फार रडू यायचं. पण तोंड फिरवून रडावं लागे, कारण एक थेंब पडला की ती नखशिखांत भिजायची आणि मग माझ्यावरच चिडायची.

शेवटी गावाची सभा भरली, माझ्या परातीत. सगळे मावले. पुळण दोन वर्षं बंद ठेवायची आणि जुनं कडं परत काढायचं, असं ठरलं. मी पेटीतून जुनं कडं काढून दारावर टांगलं. आठ दिवस वाट बघितली. कुणी तसूभर वाढलं नाही.

"बारीक होवक काय लागणा नाय," गुणामावशी परातीच्या काठावरून म्हणाली. सासूची तीच ती सख्खी बहीण. "मोठां होवक पाणी लागता."

नेम सगळ्यांना पाठ होता: कड्यातून पडलं ते खाडीत, वाढायला.

आज सकाळच्या ओहोटीला मी सगळ्यांना परातीतून पुळणीवर नेलं. ओल्या वाळूत ते ओळीने बसले. पलीकडे जेटीवर टेम्पो येऊन थांबला होता. वैजू पहिली आली.

"तू नको," मी म्हटलं.

"आये, माका वाढूचां आसा."

"तिसरीक दोन पावसाळे लागतत."

"आणि माणसाक?"

ते मला माहीत नव्हतं. माझ्या ओटीत ते अंगठीएवढं कडं होतं. त्यात ती नक्की अडकली असती. माझा हात तिकडे गेलासुद्धा.

"दुसरां कडां काढू नको हां," गुणामावशी खालून म्हणाली. "अडाकला तर खंय जाता, ठावक आसा मा?"

मी टेम्पोकडे बघितलं. हात ओटीतून काढला आणि जुनं कडं खाडीवर धरलं. भरती सुरू झाली होती. वैजू माझ्या तळहातावरून चालत गेली आणि कड्यावर पाय आत सोडून बसली, लहानपणी होडीच्या काठावर बसायची तशी.

"हात हलवू नको," ती म्हणाली.

मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तिने अंग सोडलं, आणि मध्येच दोन्ही हात पसरले. दोन्ही बाजूंना ते कड्याला तांदळाच्या कणीएवढे कमी पडले.