तीनशे चार, म्हणजे बदल नाही

मित्रांनो, संगमनेरच्या एका महाविद्यालयात जिन्याखाली अडगळीची खोली आहे. तिथे मोडक्या बाकांच्या मागे मी पडून आहे. मी एक जुना संगणक. नोकरीत होतो तेव्हा मला सर्व्हर म्हणत.

१९९८ साली पुण्यातल्या एका दुकानात मला जोडलं आणि गोधडीत गुंडाळून टेम्पोने इथे आणलं. प्राचार्यांनी नारळ फोडला. कुणीतरी मला इतकं कुंकू लावलं की ते फ्लॉपीच्या फटीत गेलं. ते टाचणीने काढत बसलेले सूर्यभान सर, ही माझी माणसांशी पहिली ओळख. ते संगणक प्रयोगशाळेत सहायक होते.

गच्चीवर उपग्रहाशी जोडणारी इंटरनेटची तबकडी बसवली होती. तिच्यामार्फत जगात कुठूनही कुणीही माझ्याकडे पान मागू शकत असे. मागणी आली की मी आधी एक तीन आकडी संख्या पाठवायचो, आणि द्यायचं असेल तर मागोमाग पान. सर मुलांना समजावून सांगत.

"दोनशे म्हणजे ठीक आहे, हे घ्या पान. तीनशे एक म्हणजे पानाने घर बदललं, हा नवा पत्ता. चारशे चार म्हणजे असं पान मला सापडत नाही. पाचशे म्हणजे माझ्याच पोटात काहीतरी बिघडलंय. आणि चारशे तीन म्हणजे तुमचं म्हणणं कळलं, पण आत यायला परवानगी नाही."

एकदा दाराशी शिपाई आसाराम उभा होता. त्याचं गाव शनिशिंगणापूर. तो म्हणाला, "सर, ह्यो चारशे तीन आमच्या गावात कशाला लागंल? तिथं घरांना दारंच न्हाईत!"

"मग जा की कुणाच्याही घरात न विचारता. आकडा गालावर उमटेल."

मुलं खूप हसली. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

सरांना एकच मुलगी, जयमाला. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. जयमाला बेंगळूरला संगणकशास्त्राचं शेवटचं वर्ष शिकत होती. पत्राला पाच दिवस लागत, म्हणून सरांनी माझ्यावर तिच्यासाठी एक पान केलं. माझ्याकडे मराठी अक्षरं नव्हती. ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत: जयभीम जयू. आज प्रवरेचं पाणी सोडलं. शेजारच्या मांजरीला तीन पिल्लं झाली. शेवटची ओळ मात्र रोज तीच: इकडे सर्व खुशाल.

मुलगी बापासारखीच. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो रोज सकाळी सात वाजता मला विचारी, "काल पाहिल्यानंतर पान बदललं का?" बदललं असेल तर मी दोनशे सांगून नवं पान देत असे. नसेल तर फक्त तीनशे चार. म्हणजे बदल नाही, तुझ्याजवळची जुनी प्रत चालेल. रविवारी सर येत नसत, म्हणून सोमवारी सकाळी तिला तीनशे चार मिळे. त्यावरून ती एकदा फोनवर रागावली, तेव्हा सर हसून म्हणाले, "अगं, तीनशे चार आला की समजायचं, बाप काल होता तसाच आहे."

मित्रांनो, हे मात्र चूक होतं. मला पानाविषयी कळतं. माणसाविषयी मला कुणी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

१९९९ च्या एप्रिलमध्ये सरांचे डोळे पिवळे दिसू लागले. नऊ तारखेला दवाखान्यात भरती व्हायला निघालेले असताना ते आधी माझ्याकडे आले. हातात कपड्यांची पिशवी होती. आसाराम मागे उभा होता.

"सर, ताईला कळवा. लई पिवळं पडलाय तुमी."

"तिची परीक्षा वीसला संपते. आत्ता कळलं तर पेपर टाकून येईल ती."

"येऊ द्या की! बापापेक्षा पेपर मोठा हाय व्हय?"

"माझ्या घरात पहिल्यांदा कुणी इतकं शिकतंय, आसाराम. तू तिला कळवणार नाहीस. माझी शपथ आहे तुला."

तरीही त्यांनी पान उघडलं. लिहिलं: जयू, तब्येत जरा बरी नाही. त्या ओळीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग एकेक अक्षर मागे घेत ती पुसली आणि काही न साठवता उठले. जाताना माझ्यावर धूळ बसू नये म्हणून कापड टाकलं.

साठवलं नाही, म्हणून माझ्या लेखी पान बदललंच नव्हतं.

दहा तारखेला सकाळी सात वाजता जयमालाने विचारलं. तीनशे चार. अकराला विचारलं. तीनशे चार. मी खोटं बोललो नाही. अठराच्या संध्याकाळी सरांनी दवाखान्यातच प्राण सोडला. एकोणीसला सकाळी सात वाजता पुन्हा विचारणा आली आणि मी पुन्हा सांगितलं, बदल नाही. तिच्या वसतिगृहात फोन लागला तेव्हा नऊ वाजून गेले होते.

एप्रिलच्या उन्हात देह ठेवता येईना. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

सरांना श्रद्धांजली वाहिली त्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली. मी प्रत्येक विचारणेची नोंद ठेवतो. तिने ती उघडली. दहा तारखेपासून एकोणीसपर्यंत दहा ओळी होत्या, दहा सकाळच्या. प्रत्येकीपुढे तोच आकडा. ती एकेका ओळीवर बोट ठेवत खाली गेली.

"ताई, त्येंनी शपथ घातली हुती," आसाराम दारातूनच म्हणाला. "मला झोप न्हाई तवापासून."

"मामा, तुम्ही शपथ पाळलीत. मी रोज आकडा बघून अभ्यासाला बसत होते. एकदाही फोन केला नाही."

"आता ह्ये पान पुसायचं का?"

"पुसलं तर हा चारशे चार सांगेल. सापडत नाही म्हणेल. जणू कधी नव्हतंच."

तिने पानाची एक प्रत फ्लॉपीवर घेतली. मग मला असा आकडा शिकवला, जो तोवर मी कधी पाठवला नव्हता. चारशे दहा. म्हणजे हे इथे होतं. आता गेलं. पुढचा पत्ता नाही.

तिचा प्रोग्रॅम तिने बंद केला नाही. त्यानंतर रोज सकाळी सात वाजता ती विचारत राहिली आणि मी चारशे दहा सांगत राहिलो. डिसेंबरात, दोन हजार साल लागताच जुन्या यंत्रांच्या तारखा चुकतील, या भीतीने मला काढून इथे आणून ठेवलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण घरून रोज येणाऱ्या खुशालीवर विसंबू नका. मधूनच फोन करा, आवाज नीट ऐका, आणि शक्य असेल तर बस पकडून जाऊन या. परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा असते.

माझी वायर काढली, त्याच्या दुसऱ्या सकाळीही सात वाजता तिने विचारलंच असेल. बंद यंत्राला कोणताही आकडा पाठवता येत नाही. ती किती वेळ थांबली, ते मला माहीत नाही.