साठ गोण्यांवर काट

डेल्फिनाबाईंचं पत्र नोव्हेंबरात आलं होतं, आणि मे संपत आला तरी ओलिंदोनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र टपालानं आलं होतं, तिकीट लावून, शिक्का मारून. आणि पाठवणारी राहत होती गल्लीच्या पलीकडे, चाळीस पावलांवर. ओलिंदोनं पावलं मोजली होती. उत्तर लिहिण्यापेक्षा ते सोपं होतं.

पत्र असं होतं:

"ओलिंदो, तुमच्या घरी एक पेलेटची शेगडी, माझ्या घरी एक. हिवाळ्यात तुम्ही साठ गोण्या जाळता, मी सत्तर. तुमची शेगडी पुस्तकांना ऊब देते, माझी रिकाम्या खुर्च्यांना. माझी नवी आहे, मोठी आहे, ऐंशी गोण्यांत दोघांचं भागेल. तुम्ही माझ्याकडे राहायला या. पुस्तकं आणा, फळ्या ठोकून देईन. झोपायच्या खोल्या वेगळ्या, निदान सुरुवातीला. उत्तर लिहून पाठवा, कारण तुम्हाला बोलता येत नाही हे साऱ्या खोऱ्याला माहीत आहे. मेमधली यादी बंद होईपर्यंत वाट पाहीन. नाही म्हणालात तर वाईट वाटेल. काहीच म्हणाला नाहीत तर राग येईल, आणि मी जर्मनीला मुलीकडे कायमची निघून जाईन."

यात न समजण्यासारखं काही नव्हतं, आणि तीच अडचण होती. ओलिंदोनं एकतीस वर्षं खालच्या गावच्या वाचनालयात काढली होती. अवघड मजकुराला तळटीप लावायची, हे त्याला ठाऊक होतं. इतक्या सरळ मजकुराचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

या झोल्दो खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांसारखीच डेल्फिनाही आईस्क्रीमवाली. नवऱ्याबरोबर जर्मनीत दुकान टाकून छत्तीस उन्हाळे तिनं थंडी विकली. नवरा गेला, दुकान मुलीनं घेतलं, आणि बाई गावी परतली ती एकच प्रतिज्ञा करून: आता मरेपर्यंत बोटं गार पडू द्यायची नाहीत. गॅसचं बिल पाहून गावानं कपाळाला हात लावले, तेव्हा सगळ्यांत आधी पेलेटची शेगडी तिनंच बसवली. लाकडाचा भुसा दाबून केलेले ते करंगळीच्या पेराएवढे दाणे पहिल्यांदा पाहून म्हातारा बोर्तोलो म्हणाला होता, "हे तर सशाच्या लेंड्या!" दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्याही घरी लेंड्या जळायला लागल्या, आणि तिसऱ्यात तो त्यातला जाणकार झाला. पाण्याच्या ग्लासात दाणा टाकायचा; पटकन बुडून फुलला तर चांगला, तरंगला तर दुकानदाराच्या तोंडावर मारायचा. ओलिंदोची शेगडीही डेल्फिनानंच निवडून दिली होती. तो दुकानात गेला असता, तर विक्रेत्याला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांत महागडी घेऊन आला असता.

उत्तर त्यानं लिहिलं नाही असं नाही. लिहिलं, पुष्कळदा लिहिलं. पण प्रत्येक मसुदा दुसऱ्या वाक्यात अडखळे. हिला आपण नक्की माहीत आहोत का? आपण घोरतो. जेवताना वाचतो. एकाहत्तराव्या वर्षी कुणाच्या घरी बिऱ्हाड करायचं म्हणजे लोक काय म्हणतील? आणि लोकांनी काहीच म्हटलं नाही, तर ते जास्त अपमानाचं नाही का? मग तो मसुद्याचा बोळा करी, शेगडीचं काचेचं दार उघडी आणि बोळा आत टाकी. सकाळी गल्लीत डेल्फिना भेटली की तो म्हणे, "आज गारठा आहे." ती म्हणे, "आहे." आणि दोघं आपापल्या शेगडीकडे परतत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात लोरेत्ताच्या बारमध्ये कॉफीच्या यंत्राशेजारी यादी लागली. पेलेट उन्हाळ्याच्या तोंडावर घ्यायचं, तेव्हा ते स्वस्त असतं. आणि साऱ्या गावानं मिळून ट्रक मागवला की आणखी स्वस्त. लोरेत्ताला लिहायचा कंटाळा. ती गेल्या वर्षीचे आकडे तसेच उतरवून काढी आणि ज्याला बदल हवा त्यानं काट मारावी, असा शिरस्ता होता. ही यादी गाव राशिभविष्यासारखी वाचे. एका वर्षी सिल्वानोच्या नावापुढचे पन्नास एकदम ऐंशी झाले, तेव्हा त्याची सासू कायमची येणार हे त्याच्या बायकोच्याही आधी बारला कळलं. पाद्री एजिदिओ दर रविवारी नरकाच्या आगीला भ्या म्हणून सांगत, आणि स्वतःच्या नावापुढे एकशे तीस गोण्या लिहीत.

यंदा ओलिंदोच्या नावापुढे नेहमीचे साठ होते. डेल्फिनाच्या नावापुढचे सत्तर तिनं स्वतः खोडले होते आणि पुढे काहीच लिहिलं नव्हतं. त्या कोऱ्या जागेकडे सगळा बार आठवडाभर बघत होता.

शुक्रवारी दुपारी नेरेओ आला. हंगाम संपताना धुराडी साफ करणारा, शेगड्या दुरुस्त करणारा चाळिशीचा गडी. ओलिंदोची शेगडी तीन दिवस पेटत नव्हती. पंखा घुरघुरायचा, लाल दिवा लागायचा आणि सगळं गप्प व्हायचं. नेरेओनं जळणाची वाटी बाहेर काढली, बोटानं खरवडली आणि नाकाशी नेली.

"काका, यात काय जाळलंत?"

"पेलेट."

"आणखी?"

"पेलेटच."

नेरेओनं धुराच्या नळीचं खालचं झाकण उघडलं. काळ्या पापुद्र्यांचा ढीग फरशीवर पडला. त्यातला एक अर्धवट जळालेला तुकडा त्यानं चिमटीत धरून उजेडाकडे नेला. "कोणत्या कारखान्याचं पेलेट घेता हो? यावर ‘आदरणीय डेल्फिनाबाई’ असं छापून आलंय."

ओलिंदो खिडकीबाहेर पाहू लागला.

"‘आपल्या प्रस्तावाचा साकल्याने विचार करता, तथापि…’" नेरेओनं वाचलं आणि मान वर केली. "काका, तथापि? बाईमाणसाला तथापि लिहिता?"

"ते खोडलं होतं मी."

"खोडलेलंही जळत नाही यात. ही काय आजीची चूल आहे का, काहीही कोंबायला? कागदाची राख भोकांत बसते, हवा कोंडते. लाकूड जाळा म्हणतात, तुम्ही व्याकरण जाळलंत!" तो हसत सुटला, आणि मग ओलिंदोचा चेहरा पाहून थांबला. "कधीपासून चाललंय हे?"

"नोव्हेंबर."

"अरे देवा. सात महिने?"

"एक वाक्य नीट बसत नव्हतं."

नेरेओनं हात पुसले. ब्रशचे केस सरळ करत तो म्हणाला, "हे मी तुम्हाला सांगू नये. पण डेल्फिनामावशीनं परवा मला विचारलं, तिची शेगडी उतरवून विकली तर किती येतील."

"विकणार?" ओलिंदोचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. "ती शेगडी?"

"मुलीच्या घरी भिंतीतून गरम पाणी खेळतं. तिथं शेगडी नेऊन काय लोणचं घालायचंय? उद्या बारा वाजता लोरेत्ता ट्रकवाल्याला फोन करणार. तोवर मावशीच्या नावापुढे आकडा आला तर ती राहिली. नाही आला तर गेली." त्यानं वाटी पिशवीत टाकली. "ही मी घासून उद्या आणतो. आजही शेगडी बंद. कोट घालून बसा."

मेमध्येही या उंचीवर सूर्य डोंगराआड गेला की घर विहिरीसारखं गार पडतं. ओलिंदो कोट, मफलर आणि टोपी घालून टेबलाशी बसला. बोटं आखडू लागली होती. आजवर त्यानं सगळे मसुदे उबेत बसून लिहिले होते. उबेत माणसाला ‘तथापि’ सुचतं, ‘साकल्याने’ सुचतं. गारठ्यात काही सुचेना. वाचनालय बंद झाल्यावर शेवटची खुर्ची उलटी करून ठेवताना जे वाटायचं ते मात्र त्याला आठवलं, आणि गल्लीपलीकडच्या खिडकीत उजेड नसलेली रात्र कशी दिसेल तेही. त्यानं लिहिलं:

"डेल्फिनाबाई, येतो. पुस्तकं अकराशे आहेत, निम्मी वाटून टाकीन. मी घोरतो. ओलिंदो."

त्यानं ते एकदाच वाचलं. ‘निम्मी’ हा शब्द त्याला खुपला, पण बोळा करायला हात उचलला तर टाकायला पेटती शेगडीच नव्हती. मग पाकीट बंद करावंच लागलं.

शनिवारी पावणेबाराला तो बारमध्ये शिरला, तेव्हा तिथं निम्मं गाव काही ना काही कारणानं कॉफी पीत होतं. बोर्तोलो पांढऱ्या वाइनचा ग्लास घेऊन बसला होता, आणि शेजारी पाण्याच्या ग्लासात नव्या पेलेटचा नमुना भिजत होता. खिडकीपाशी डेल्फिना. तिनं वर पाहिलं नाही.

"आला बघा शब्दकोश," बोर्तोलो म्हणाला. "अरे ओलिंदो, टोपी काढ, बर्फ कधीच वितळलं."

ओलिंदो सरळ यादीपाशी गेला. सुतळीला बांधलेलं पेन त्यानं उचललं. पेन चालेना. त्यानं तळहातावर घासून पाहिलं, तरी चालेना. मागे कुणीतरी खोकलं.

"पेनालासुद्धा विचार करायचाय," बोर्तोलो म्हणाला.

"तू गप रे!" लोरेत्तानं पर्समधून भुवया रंगवायची पेन्सिल काढली आणि काउंटरवरून सरकवली. "घ्या प्रोफेसर. जाड उमटते, पण उमटते."

ओलिंदोनं स्वतःच्या नावापुढच्या साठावर तपकिरी काट मारली. पेन्सिल जाड असल्यामुळे ती खालच्या सिल्वानोच्या ऐंशीवरही थोडी गेली. मग साठाच्या शेजारी त्यानं एक शून्य काढलं. ते फारसं गोल आलं नाही.

बोर्तोलोनं मान लांब करून यादीत डोकावलं.

"शून्य?" बोर्तोलो म्हणाला. "मरतोयस का काय?"

"मूर्ख आहेस," लोरेत्ता म्हणाली.

मग बोर्तोलोच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. त्यानं डेल्फिनाकडे पाहिलं, ओलिंदोकडे पाहिलं, आणि चुकून पेलेट भिजवलेलं पाणी प्यायला.

ओलिंदो खिडकीपाशी गेला. खिशातलं पाकीट काढून तो उभा राहिला, आणि ठरवून आणलेलं वाक्य जागच्या जागी विरलं. "आज," तो म्हणाला, "गारठा आहे."

"आहे," डेल्फिना म्हणाली. मग तिची नजर पाकिटाकडे गेली. "हे माझं?"

त्यानं मान डोलावली.

"तिकीट लावलंय?"

"लावलंय."

"मग माझ्या हातात काय देताय? मी टपालानं पाठवलं होतं, टपालानंच येऊ दे."

"अगं बाई," बोर्तोलो तोंड पुसत ओरडला, "तो समोर उभा आहे! टपाल आधी पादोवा शहरात जातं, तिथून परत यायला चार दिवस!"

"सात महिने थांबले, चार दिवसांनी काय मरत नाही. तेवढ्यात फळ्या ठोकून होतील." ती उठली, यादीपाशी गेली आणि लोरेत्ताच्या पेन्सिलीनं आपल्या कोऱ्या जागेत ऐंशी लिहिले. क्षणभर थांबली. ऐंशीवर काट मारून नव्वद केले. "हा माणूस टोपी घालून बसतो घरात," ती कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाली. "दहा जास्त असू देत."

ओलिंदो दाराबाहेर गेला. टपालाची लाल पेटी बारच्याच भिंतीवर होती. काचेला नाकं लावून आतले सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यात पाद्री एजिदिओही होते. ते केव्हा आले कुणी पाहिलं नव्हतं. पाकीट फटीत अर्धं गेलं आणि त्याची बोटं ते सोडेनात. ‘निम्मी’ऐवजी ‘काही’ लिहायला हवं होतं का? आणि घोरण्याचं असं एकदम तिसऱ्या वाक्यात?

आतून डेल्फिनानं काचेवर अंगठीनं टकटक केली.

त्यानं पाकीट सोडलं. पेटी रिकामी होती. पत्र तळाशी आपटल्याचा आवाज चांगला मोठा आला. मग त्याला शंका आली, तिकीट खरंच लावलं होतं ना? लावलं होतं. एक पडलं तर असावं म्हणून दोन लावली होती.