घरच्या तिखटाचा नमुना

मयुराचा उजवा हात ड्रॉवरमध्ये असताना जितेंद्रने तो लाथेने बंद केला. दोन आवाज आले, एक लाकडाचा आणि एक हाडाचा. ते वेगवेगळे ऐकू आले, हे मला अजून आठवतं.

मयुरा अन्नतंत्रज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेत होती आणि मी तिची मार्गदर्शक. शेवटच्या सत्रात विद्यार्थ्याने विषय निवडून स्वतंत्र अभ्यास करायचा असतो. मार्गदर्शकाने आठवड्यातून एकदा भेटायचं, वही तपासून सही करायची आणि शक्यतो गप्प राहायचं. मला ते जमतं. तिने विषय घेतला होता तिखटातल्या भेसळीचा: बारा चक्क्यांवरचं तिखट, आणि त्यात बंदी असलेला लाल रंग सापडतो का. अकरा पाकिटं तिने बाजारातून आणली. बारावं आणलं ते शुद्ध तिखट कसं दिसतं याचा नमुना हवा म्हणून. तिच्या वडिलांची, महादेवरावांची, बुटीबोरीजवळ मिरचीची चक्की आहे आणि आता ती तिचा मोठा भाऊ जितेंद्र चालवतो. घरच्या डब्यातलं तिखट जुनं झालं होतं, म्हणून ती चक्कीवर जाऊन विक्रीच्या थप्पीतलं ताजं पाकीट घेऊन आली.

"घरचंच हाये मॅडम. याच्यात काही निघत नाही."

तपासणाऱ्याला नमुना कोणाचा ते माहीत नसावं, अशी आमची पद्धत. मी बारा बरण्यांवर तीन आकडी क्रमांक चिकटवले, कोणता क्रमांक कोणाचा ते कागदावर लिहिलं आणि तो कागद लिफाफ्यात बंद केला. लिफाफ्यावर आम्हा दोघींच्या सह्या झाल्या आणि तो तिच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेला.

४१७ मध्ये रंग निघाला. पांढऱ्या पट्टीवर मिरचीचे स्वतःचे रंग आपापल्या जागी आणि त्यांच्यापासून दूर एक लाल ठिपका. मी तिला चाचणी पुन्हा करायला लावली, मग आणखी एकदा. ठिपका तिन्ही वेळा तिथेच आला.

"सापडला चोर, मॅडम!"

मी वहीत सही केली. क्रमांक मला पाठ होते.

लिफाफा शुक्रवारी अकरा वाजता उघडायचा होता. आदल्या दिवशी जेवताना तिने घरी हे सगळं रंगवून सांगितलं. शुक्रवारी साडेदहालाच जितेंद्र प्रयोगशाळेत येऊन उभा राहिला.

"काय गा दादा, इकडं कसा?"

"मनीषनगरले आलतो." तो बरण्यांकडे पाहत होता. "याच्यातली आपली कोनती?"

"मले का माहीत? नंबर हायेत ना."

"मंग कोनाले माहीत?"

"लिफाफ्याले." ती हसली. "थांब ना अर्धा तास. चोराचं नाव आयकून जा."

"तो लिफाफा दे वं."

"नियम हाये, दादा. दोघींनी मिळून उघडा लागते."

"मयुरे, दे म्हणतो ना."

"तू काहून घाबरून राहिला? आपलं तर शुद्ध हाये."

त्याने तिच्या कानशिलात मारली. ती टेबलावर आदळली, सावरली, आणि भावाकडे बघायचं सोडून तिने ड्रॉवर उघडून लिफाफ्यावर हात दाबून धरला. तेव्हा त्याने लाथ मारली.

ती ओरडली नाही. आधी खूप जोरात श्वास घेतला, मग ओरडली. त्याने ड्रॉवर उघडला, तिच्या बोटांखालून लिफाफा ओढून घेतला, फाडला, बेसिनमध्ये टाकून वर नळ सोडला. मग त्याने हाताच्या एका फटकाऱ्याने टेबलावरच्या बरण्या खाली लोटल्या. काच फुटली आणि तिखटाचा लाल लोट उठला. कोणालाच श्वास घेता येईना. त्या लोटात त्याने तिचे केस धरले आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं.

"घरच्या डब्यातलं नेता येत नव्हतं तुले? चक्कीवरचं काहून नेलं?"

पुन्हा आपटलं.

मी स्टँडची लोखंडी दांडी उपसून त्याच्या मनगटावर मारली. त्याने केस सोडले आणि तो खाली बसला. दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती. तो मी खांद्यावर मारला. त्याने तिखटाने माखलेला हात डोळ्यांना लावला आणि किंचाळत, भिंती चाचपत बाहेर गेला. पायऱ्यांवर रखवालदारांनी त्याला धरून ठेवलं.

मयुरा फरशीवर बसली होती. भुवईतून रक्त येत होतं. मधली दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती.

"डब्यातलं वेगळं," ती म्हणाली. "म्हणजे आमच्यासाठी वेगळं दळते तो."

मी तिच्या डोळ्यांवर पाणी सोडत राहिले.

"तुमाले माहीत होतं, मॅडम."

"हो."

"कधीपासून?"

"ठिपका पहिल्यांदा आला तेव्हापासून."

"मंग तीनदा काहून करायला लावलं?"

"तुझ्या हातून चूक झाली असावी, अशी माझी इच्छा होती."

हे मी त्याआधी कोणाला सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात जाताना रिक्षात मी तिला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. यादीची दुसरी प्रत आणि प्रत्येक पाकिटातलं उरलेलं तिखट विभागाच्या कपाटात सीलबंद आहे. निकालावर सही झाली की अन्नसुरक्षा कार्यालयाला कळवावं लागेल आणि चक्की बंद होईल. अभ्यास तिचा आहे. एक नमुना मागे घ्यायचा असेल, तर तिची एक सही पुरेल. मी कारण विचारणार नाही.

तिने डाव्या हाताने फोन काढला, मला आईचा नंबर लावायला सांगितला, फोन कानाला धरला आणि काय झालं ते सांगितलं.

"आई, रडू नको. आयक. आपल्या घरच्या डब्यातलं वाटीभर तिखट बाबांजवळ पाठवून दे. नाही, दवाखान्यात नाही, कॉलेजात." आईने कशाला ते विचारलं असावं. "शुद्ध नमुना पाहिजे मले. आधी जो नेला होता, तो नव्हता."